कपड्याआडची त्वचा

“तसंच खालीही आहे.”

त्वचारोगाच्या ओपीडीत हे वाक्य रोज कानावर पडतं. हातावरचा, पोटावरचा चट्टा दाखवता दाखवता रुग्णाचा आवाज एकदम खाली येतो, नजर टेबलावरच्या केसपेपरकडे वळते आणि एवढंच बोलून तो गप्प होतो. समोरची निवासी डॉक्टर जेमतेम सव्विशीची, रुग्ण तिच्या वडिलांच्या वयाचा. शेजारच्या टेबलावर याच्या उलट: इंटर्न मुलगा, आणि त्याच्यासमोर पदर घट्ट लपेटून बसलेली बाई. पडद्यामागे जाऊन कपडे बाजूला करायला सांगावं, तर दोघांनाही अवघड. मग केसपेपरवर ‘जांघेतही तसेच चट्टे’ असं लिहिलं जातं, न बघता. मलम मिळतं, रुग्ण सुटका झाल्यासारखा उठतो, पुढचा नंबर पुकारला जातो.

मेडिकल कॉलेजात त्वचारोग शिकवताना मला या न बघता लिहिलेल्या ओळीची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. कारण खाली तसंच असेल याची काहीच शाश्वती नसते.

सोरायसिस घ्या. कोपरावर, गुडघ्यावर तो चंदेरी पापुद्र्यांवरून ओळखू येतो. तोच जांघेत किंवा स्तनांखालच्या घडीत आला की ओलाव्यामुळे पापुद्रे टिकत नाहीत. उरतो तो गुळगुळीत लाल पट्टा, आणि त्याला नायटा समजून महिनोन्‌महिने नायट्याची औषधं चालू राहतात. खरजेचं वेगळं. खाजवून खाजवून अंगावरच्या पुरळाचं मूळ रूप कधीच मोडून गेलेलं असतं. पण पुरुषाच्या लिंगावर, अंडकोशावर किंवा बाईच्या स्तनाग्रांभोवती खाजऱ्या पुटकुळ्या दिसल्या की निदानाला फारसा वेळ लागत नाही. बायकांच्या योनीमुखाशी त्वचा पांढरी पडून पातळ आणि सुरकुतलेली होते असा एक आजार आहे, लायकेन स्क्लेरोसस. पाळी थांबल्यानंतरच्या वयात तो जास्त आढळतो. खाज इतकी, की रात्रीची झोप उडते. वेळेत ओळखला तर योग्य मलमानं आटोक्यात राहतो. नाही ओळखला तर जागा आक्रसत जाते आणि काही थोड्या बायकांना पुढे तिथंच कर्करोग होतो. असा आजार वर्षानुवर्षं ‘बुरशी’ या नावाखाली काढलेल्या बायका ओपीडीत येतात. त्यांच्या जुन्या चिठ्ठ्यांची चळत चाळली की लक्षात येतं, औषधं बदलत गेली, पाहिलं मात्र कुणीच नाही.

सिफिलिसचा, म्हणजे जुनी माणसं ज्याला गरमी म्हणत त्या रोगाचा, पहिला व्रण दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. रुग्णाला वाटतं, गेलं. पुढे तळहातांवर, तळपायांवर पुरळ येतं तेव्हा तो येतो आणि फक्त हात दाखवतो. कुष्ठरोगाचा चट्टा याहून फसवा. तो खाजत नाही, दुखत नाही, आणि पाठीवर किंवा नितंबावर असेल तर ज्याचा त्याला दिसतही नाही. तो दुसऱ्या कुणी तरी पाहिल्याशिवाय सापडत नाही. आपल्याकडे मेलॅनोमा हा त्वचेचा घातक कर्करोग कमी दिसतो. पण दिसतो तेव्हा बहुतेकदा तळपायावर किंवा नखाखाली. म्हणून त्वचेची तपासणी करायची तर टाळूपासून तळव्यापर्यंत करायची, तोंडाच्या आत डोकवायचं, नखं बघायची, मोजे काढायला लावायचे आणि झाकलेला भागही बघायचा, हे आम्ही पहिल्या दिवसापासून शिकवतो.

लाजेचा फायदा उठवणारं एक दुकान मात्र गावोगाव आहे. मेडिकलवाल्याला नुसतं “खाज येते” म्हटलं की मलम मिळतं. तिथं काहीच दाखवावं लागत नाही. या मलमांत अनेकदा जहाल स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध असं तिन्ही एकत्र घोटलेलं असतं. दोन दिवसांत आग थांबते, लाली उतरते, आणि आत बुरशी पसरत राहते. जांघेतली त्वचा मुळात पातळ, औषध जास्त शोषून घेणारी. तिथं जहाल स्टेरॉइड काही महिने लावलं तर गरोदरपणात पोटावर पडतात तशा रुंद चिरा पडतात, आणि त्या जन्मभर राहतात. 2018 मध्ये केंद्र सरकारनं स्टेरॉइडची अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कागदावरचा नियम चांगलाच आहे. पण दाखवायची लाज जोपर्यंत मलमाच्या किमतीपेक्षा महाग वाटते, तोपर्यंत माणूस आधी काउंटरवरच जाणार.

इतर शाखांना अंतर राखून काम करण्याची काही ना काही सोय मिळाली. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात 1816 मध्ये रने लेनेक या डॉक्टरांना एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणं प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी करून तिच्यातून ठोके ऐकले. स्टेथोस्कोपचा जन्म त्या संकोचातून झाला. पुढे एक्स-रे आला, सोनोग्राफी आली. त्वचारोगात अशी पळवाट नाही. आमच्याकडे त्वचा मोठी करून दाखवणारा डर्मोस्कोप आहे, पण तो उघड्या त्वचेच्या अगदी जवळ न्यावा लागतो. अतिनील किरणांचा वूड्स लॅम्प आहे, पण त्यासाठी खोलीत अंधार करावा लागतो, म्हणजे संकोच वाढतोच. बुरशी तपासायची तर पात्यानं कोंडा खरवडून घ्यायचा असतो. आणि यंत्रं कितीही आली तरी चट्टा जाड आहे की पातळ, गरम आहे की थंड, हे बोटांनाच कळतं.

आपल्या समाजाला या प्रश्नाची एक बाजू फार आधी कळली होती. पंडिता रमाबाईंनी 1882 मध्ये पुण्यात शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना बायकांना वैद्यकीय शिक्षण मिळावं अशी मागणी केली. पुरुष डॉक्टरला अंग दाखवण्यापेक्षा बायका दुखणं अंगावर काढतात आणि त्यात जीव जातात, हे त्या काळी घराघरांतलं वास्तव होतं. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे दरवाजे 1883 मध्ये मुलींना उघडले, त्याच वर्षाअखेरीस एडिथ पीची या डॉक्टर इंग्लंडहून मुंबईत आल्या आणि 1886 मध्ये सुरू झालेलं कामा हॉस्पिटल त्यांच्या हाती आलं. बायकांचं हॉस्पिटल बाई डॉक्टरांनी चालवायचं, हा आग्रह मुंबईतल्या लोकांनी पैसे उभे करून तडीस नेला.

त्या काळी पुरुषांना तपासणारे डॉक्टर पुरुषच असत, त्यामुळे पुरुष रुग्णाच्या संकोचाचा विचार करायची वेळ कुणावर आली नाही. आज ती आली आहे. त्वचारोगाच्या पदव्युत्तर वर्गात मुलींची संख्या मोठी आहे. काही तुकड्यांत तर मुलगा शोधावा लागतो. आणि आपल्या देशात त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग अशी तिन्ही शास्त्रं एकाच विभागात शिकवली जातात. म्हणजे ज्या विभागात पुरुषांनी सर्वाधिक लपवलेली दुखणी येतात, तिथंच तपासायला तरुण मुली जास्त.

परदेशांतल्या पाहण्यांत साधारण असं दिसतं, की चेहरा, हातपाय, पाठ तपासायला डॉक्टर बाई आहे की पुरुष याचं बहुतेकांना फारसं काही वाटत नाही. गुप्तांग किंवा स्तन तपासायचे असतील तर बायका बाई डॉक्टर मागतात. पुरुषांमध्ये तशी मागणी कमी दिसते. आमच्या ओपीडीतला माझा अनुभव या शेवटच्या मुद्द्यावर थोडा वेगळा आहे. आपल्याकडचा पुरुष मागणी करत नाही हे खरं, पण त्याला चालतं असं मात्र नाही. बाई निदान तोंडानं सांगते, “ताई डॉक्टर आहेत का?” तिला तसं विचारायची समाजानं मुभा दिली आहे. पुरुषाला ती नाही. तो “काही नाही, एवढंच” म्हणतो आणि उठतो. वीस-बावीस वर्षांच्या मुलांचं तर हमखास असं होतं. मुलगी डॉक्टर दिसली की तक्रारच बदलते. जांघेतल्या खाजेऐवजी मुलगा केस गळतात म्हणून सांगतो. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक आजारांसाठी समुपदेशक बसतात. त्यांच्याशी आधी दोन मिनिटं बोलून आलेला मुलगा आणि थेट ओपीडीत आलेला मुलगा यांच्यातला फरक लगेच कळतो.

कायदा या बाबतीत अर्धाच पोचला आहे. अटकेतल्या स्त्रीची तपासणी स्त्री डॉक्टरनं किंवा तिच्या देखरेखीखालीच व्हावी, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं आणि 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या अल्पवयीन मुलीची तपासणी बाई डॉक्टरनं, आणि पालक किंवा मुलीच्या विश्वासातल्या माणसासमोर करावी, असं पॉक्सो कायदा सांगतो. साध्या ओपीडीसाठी आधार आहे तो रुग्ण हक्कांच्या सनदेचा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं ती तयार केली आणि 2019 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ती राज्यांना पाठवली. पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाची शारीरिक तपासणी करत असेल तर दुसरी स्त्री तिथं हजर असणं हा तिचा हक्क आहे आणि तशी सोय करणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे, असं त्या सनदेत स्पष्ट म्हटलं आहे. पुरुष रुग्ण आणि बाई डॉक्टर या जोडीबद्दल अशी तरतूद तिथं नाही.

विद्यार्थ्यांचं काय? समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये निकाल दिला, की एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही. तो खटला शस्त्रक्रियेचा होता, शिकवण्याचा नव्हे. पण त्यामागचं तत्त्व मला इथंही लागू वाटतं. खाज थांबावी म्हणून आलेल्या माणसानं आठ मुलांसमोर उघडं होण्याला संमती दिलेली नसते. अमेरिकेच्या आरोग्य खात्यानं 2024 मध्ये तिथल्या रुग्णालयांना बजावलं, की रुग्ण भुलीखाली असताना विद्यार्थ्यांकडून गुप्तांगांची किंवा स्तनांची तपासणी करून घ्यायची असेल तर आधी त्याची लेखी संमती हवी. शुद्धीवर असलेला रुग्ण तर स्वतः बोलू शकतो. त्याला विचारायला कुणी अडवलेलं नाही.

पण विचारण्याची एक रीत असते, आणि आमच्याकडे नेमकी तीच चुकते. प्राध्यापक पडदा सारून आत येतात, मागोमाग आठ-दहा पांढरे कोट. मग सगळ्यांसमोर प्रश्न येतो: “ही मुलं शिकतायत, पाहिलं तर चालेल ना?” या प्रश्नाला नाही म्हणण्याची प्राज्ञा किती जणांना असेल? सरकारी दवाखान्यात आलेल्या माणसाच्या मनात आधीच धाकधूक असते. इथं औषध फुकट मिळतं, आपण नाही म्हटलं तर डॉक्टर नाराज होतील, नंबर मागे टाकतील, उद्या ओळख देणार नाहीत. खासगी दवाखान्यात हजार रुपये मोजणाऱ्याला कुणी आठ मुलांसमोर झोपवत नाही. शिकवण्याचं सगळं ओझं गरिबाच्या अंगावर पडतं, आणि म्हणून त्याला विचारताना जास्त काळजी घ्यायला हवी असं मला मनापासून वाटतं. विद्यार्थी आत येण्याआधी, एकट्या डॉक्टरनं, बसून विचारावं. नाही म्हणालात तरी औषध हेच मिळेल आणि नंबरही जाणार नाही, हे आपणहून सांगावं. किती जण येणार, मुलं की मुली, पाहणार की हातही लावणार, हे सांगावं. असं विचारलं तर रुग्ण नकारच देतील अशी भीती बऱ्याच शिक्षकांना असते. मी पाहिलं ते उलट आहे. बहुतेक जण हो म्हणतात. त्यातले काही एकच अट घालतात: दोघंच येऊ देत, किंवा मुलीच येऊ देत.

नीट केलेली तपासणी कशी दिसते, ते एका उदाहरणावरून सांगते. साठीची बाई, पायाला मुंग्या येतात म्हणून आलेली. तपासणारा मुलगा पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर. तो खुर्ची ओढून तिच्या समोर बसला. “मावशी, मी इथला डॉक्टर आहे, अजून शिकतोय. माझं झाल्यावर मॅडम येऊन बघतील. मुंग्या येण्याचं कारण कधी कधी पाठीवर किंवा कमरेखाली डागाच्या रूपात असतं. तसा डाग आहे का, ते मला पाहावं लागेल. आमच्या सिस्टर सोबत थांबतील. तुम्हाला बाई डॉक्टरच हवी असेल तर तसं सांगा, अर्धा तास थांबावं लागेल.” बाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग सिस्टरकडे. “बघ बाबा, माझ्या नातवाएवढा तू,” म्हणाली. सिस्टरनं पडदा ओढला, खिडकीची बाजू मात्र उघडी ठेवली, कारण फिके चट्टे ट्यूबलाइटमध्ये हरवतात, दिवसाच्या उजेडातच दिसतात. मुलगा पडद्याबाहेर थांबला. बाईनं कपडे सैल केले, सिस्टरनं अंगावर चादर दिली, हाक मारली, मग तो आत आला. आधी चेहरा, कानाच्या पाळ्या, हात. कोपराच्या आतली नस चाचपली. मग चादर खांद्यापासून कमरेपर्यंत सरकवून पाठ. पाठ पाहून झाली की ती झाकली आणि मगच कमरेखालचा भाग.

डाव्या नितंबावर तळहाताएवढा फिका चट्टा होता. बाईला त्याचा पत्ताच नव्हता.

आता संवेदना तपासायच्या. कापसाची वात करून चट्ट्याला हलकेच टेकवायची आणि रुग्णानं डोळे मिटून, स्पर्श झाला त्या जागी बोट लावून दाखवायचं. डोळे मिटून, हे महत्त्वाचं. अर्ध्या उघड्या अंगानं, अनोळखी पुरुषासमोर डोळे मिटायचे, ही बाईकडून केलेली केवढी मोठी अपेक्षा आहे, याचा विचार पुस्तकात कुठे येत नाही. पण रीत आहे: आधी डोळे उघडे ठेवून, हातावर करून दाखवायचं. त्या मुलानं तसंच केलं. कापूस तिच्या हातात दिला, “हा बघा, नुसता कापूस आहे,” म्हणाला. तिच्या मनगटावर दोनदा लावला. तिनं हसत बोट लावून दाखवलं. मग ती कुशीवर वळली, सिस्टरचा हात धरला आणि डोळे मिटले. चट्ट्याबाहेर कापूस लागला की बोट अचूक यायचं. चट्ट्यावर चार वेळा लावला, बोट हललं नाही.

निदान तिथंच झालं. कुष्ठरोगाची गोळ्यांची पाकिटं सरकारकडून मोफत मिळतात, सहा महिने किंवा बारा महिने घ्यायची. वेळेत घेतली तर हातापायाला व्यंग सहसा येत नाही. हे सगळं व्हायला नेहमीच्या तपासणीपेक्षा पाच-सहा मिनिटं जास्त लागली. ओपीडीत दोनशे रुग्ण असताना पाच मिनिटं कुठून आणायची, हा प्रश्न खोटा नाही, आणि तो निवासी डॉक्टरांच्या माथी मारून मोकळं होणंही बरोबर नाही. पडदा, चादर आणि सोबतीला थांबणारी सिस्टर किंवा मावशी ही सोय प्रशासनानं करायची असते. अनेक ओपीडींत चार टेबलांना मिळून एकच मावशी असते आणि तीच केसपेपरही पोचवत असते.

कुष्ठरोग शोधत घरोघरी फिरणाऱ्या यंत्रणेनं संकोचाचा हा प्रश्न आमच्याआधी सोडवला, याचं मला कौतुक वाटतं. 2016 पासून चाललेल्या कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत दोघांचं पथक असतं, एक आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक. घरातल्या बायकामुलींना आशाताई आत नेऊन तपासते, पुरुषांना स्वयंसेवक बाहेर ओट्यावर किंवा पडवीत. अंगण ओलांडायच्या आधी संकोचाचा विचार केलेला आहे, आणि तोही मोठा खर्च न करता. अडचण पुढे येते. आशाताई फक्त संशयित म्हणून नोंद करते; निदान पक्कं करायला बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं लागतं, आणि तिथला एकुलता डॉक्टर पुरुष असला की काही बायका जातच नाहीत. ज्या जातात त्या आशाताईला सोबत घेऊन जातात. ती खोलीत थांबली की तपासणी होते.

म्हणूनच ‘बाईला बाई, पुरुषाला पुरुष’ एवढ्यावर हा विषय मिटत नाही. तसं केलं तर मुलग्यांचं शिक्षण अर्धवट राहतं. कित्येक वर्षं स्त्री रुग्णाच्या पडद्यापाशी मुलांना “तू बाहेर थांब” सांगायची पद्धत होती, अजूनही काही ठिकाणी आहे. असा मुलगा डॉक्टर होतो, शासनाच्या सेवेत नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या आरोग्य केंद्रावर रुजू होतो. आसपास त्याच्याशिवाय दुसरा डॉक्टर नसतो. योनीमुखाचा लायकेन स्क्लेरोसस त्यानं पुस्तकातल्या चित्राखेरीज कधी पाहिलेलाच नाही. तो बाईला जिल्ह्याच्या गावी पाठवतो, ती जात नाही, आणि पुन्हा मेडिकलचं मलम सुरू होतं. मुलींचं असंच पुरुष रुग्णांच्या बाबतीत. त्यांना आणखी एक त्रास भोगावा लागतो. काही पुरुष तपासणीचं निमित्त करून गरज नसताना कपडे काढतात, नको ते बोलतात. अशा वेळी तिनं तपासणी तिथंच थांबवावी, सोबतीला माणूस बोलवावा, आणि वरिष्ठांनी तिच्या पाठीशी उभं राहावं. तपासणीच्या वेळी तिसरं माणूस हवं ते रुग्णासाठी तसंच शिकणाऱ्यासाठीही. मात्र पुरुष रुग्णांना अनेकदा हा तिसरा माणूसच नको असतो, दोन जोड डोळ्यांपेक्षा एक जोड बरी असं त्यांना वाटतं. म्हणून त्यांनाही विचारायचं, गृहीत धरायचं नाही. तृतीयपंथी रुग्णांना तर विचारण्याला पर्यायच नाही. तपासायला कोण हवं आणि सोबतीला कोण हवं, याचं उत्तर कपड्यांवरून किंवा केसपेपरवरच्या रकान्यावरून काढता येत नाही.

रुग्णापर्यंत जाण्याआधी शिकण्यासारखं बरंच असतं. रंगीत छायाचित्रं नव्हती त्या काळात पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात रुग्णांच्या अंगावरून साचे घेऊन मेणाच्या हुबेहूब प्रतिकृती बनवत. ज्यूल बारेता या कारागिराचा त्यात मोठा वाटा. 1889 मध्ये उघडलेल्या तिथल्या संग्रहालयात अशा चार हजारांहून अधिक प्रतिकृती आहेत, आणि कित्येक पिढ्यांतले डॉक्टर त्यांच्यासमोर उभं राहून शिकले. आज ते काम छायाचित्रं करतात. पण इंग्रजी पुस्तकांतली जुनी चित्रं बहुतेक गोऱ्या त्वचेची. तिथं जे लालभडक दिसतं ते आपल्या सावळ्या त्वचेवर जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतं, आणि नवखा डॉक्टर फसतो. त्यामुळे आपल्या रुग्णांची छायाचित्रं जमवणं गरजेचं आहे, यात शंका नाही. ती काढायची मात्र लेखी परवानगीनं, विभागाच्या कॅमेऱ्यानं, चेहरा आणि ओळखीच्या खुणा वगळून. निवासी डॉक्टरांच्या खासगी मोबाइलमध्ये आणि तिथून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाणाऱ्या फोटोंना माझा सक्त विरोध आहे. पडदा ओढून, चादर देऊन राखलेली अब्रू एका बोटाच्या टिचकीनं जाते. रुग्णानं “फोटो कशाला?” असं विचारलं तर डॉक्टरला राग येता कामा नये.

2019 पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ नावाचा भाग आला आहे, रुग्णाशी वागणं, बोलणं आणि वैद्यकीय नीती शिकवणारा. वर्गात मुलं एकमेकांना रुग्ण करून सराव करतात. मी एक गोष्ट त्यात घालते. प्रत्येकाला पेशंटच्या टेबलावर पालथं झोपायला लावते, पूर्ण कपड्यांत, आणि बाकीच्यांना काही न बोलता भोवती उभं राहायला सांगते. एक मिनिट पुरतं. उठल्यावर जवळजवळ सगळेच सांगतात, की मागे कोण उभं आहे आणि पुढं काय होणार हे न कळणं सगळ्यात वाईट होतं. मग ते आपणहून रुग्णाशी बोलत बोलत तपासायला लागतात: आता पाठ बघतो, आता थंड काच लागेल, झालं, आता झाकून घ्या.

आता रुग्णाच्या बाजूनं चार गोष्टी. बाई डॉक्टर किंवा पुरुष डॉक्टर हवा असेल तर ते पडद्यामागे गेल्यावर नव्हे, नंबर लागताच पहिल्या टेबलावर सांगावं. तेव्हा टेबल बदलून देणं सोपं असतं. पुरुषांनीही सांगावं, आमच्याकडे मुलगा निवासी एखादाच असला तरी तो वॉर्डातून खाली येऊ शकतो, फार तर तासभर थांबावं लागतं. आपल्या घरातलं माणूस सोबत हवं असेल तर तेही सांगावं, आणि घरातलंच माणूस नको असेल तर डॉक्टरना हळूच सांगावं. सासूसमोर किंवा मुलासमोर दाखवायचं नसलेलं दुखणं खूप बायकांना असतं. विद्यार्थी नको असतील तर “आज नको” एवढं पुरे, कारण द्यायची गरज नाही. आणि डॉक्टर न बघताच लिहायला लागले, तर त्यांना थांबवून म्हणावं, “एकदा बघून घ्या.”

नितंबावर चट्टा सापडलेल्या त्या बाईला पुढच्या महिन्यात गोळ्यांचं दुसरं पाकीट न्यायला यायचं होतं. त्या दिवशी आमच्याकडे एमबीबीएसच्या मुलांची पोस्टिंग होती. तिला एकटीला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, “कोपराची नस दाखवा मुलांना, डाग नको.” मुलांनी नस चाचपली, एकेक करून, आधी तिला विचारून.